चार इंच निळं पाणी

गुणाजीला संशय घ्यायला कुणी शिकवलं नव्हतं, तो पोटातूनच शिकून आला होता. त्याची आई सांगायची, सुईणीनं उलटा धरून पाठीवर थाप मारली तरी पोर रडलं नाही. आधी डोळे बारीक करून सुईणीकडे बघितलं, खात्री पटली, मग रडलं. पुढं गिरणीत दहा वर्षं गेली, त्यात रोज सुटताना फाटकावर हात वर करून झडती द्यायची. गिरणी बंद पडल्यावर भिवंडीच्या एका गोदामावर सव्वीस वर्षं वॉचमनकी केली, त्यात रोज दुसऱ्याची झडती घ्यायची. दहिसरच्या नदीचं पाणी एकदा सोसायटीत शिरलं, तेव्हा लोक सामान वर नेत होते आणि गुणाजी जिन्यात उभा राहून पाणी नक्की कुणाच्या घरातून आलं ते विचारत होता, असं म्हणतात. खरंखोटं ते पाणी जाणे.

आता वय एकाहत्तर. दुसऱ्या मजल्यावर दीड खोलीचं घर, बायको रुक्मिणी, आणि छताला एक डाग.

डाग चार वर्षांचा होता. पहिल्या वर्षी बशीएवढा, मग ताटाएवढा, आणि ह्या जानेवारीत सतरंजीएवढा. प्लास्टर फुगून लोंबत होतं, कडेनं काळी बुरशी चढली होती. पावसाळ्यात गळतं ते समजू शकतं. पण बाहेर माणसं स्वेटर घालून फिरताहेत आणि छतातून थेंब पडतोय, म्हणजे हे आभाळाचं काम नव्हे.

"वरची बाई," गुणाजी म्हणायचा. "न्हाणीघर रोज तीन बालद्यांनी धुता ती. पोलीस पुरावो धुतत तसा."

वरची बाई म्हणजे जयंतीबाई. सरकारी कचेरीतून निवृत्त, एकट्या, बोलणं साबणाच्या नव्या वडीसारखं टोकदार. चार वर्षं दोघांचं जिन्यात भांडण चालू होतं. त्या म्हणायच्या, "माझ्या घरातून थेंब खाली जात नाही, गुणाजीराव. तुमच्याच भिंती घामेजल्यात." हा वर बघायचा, त्या खाली बघायच्या.

ह्या सगळ्यात रुक्मिणीचा श्वास अडकला होता. तिची खाट नेमकी डागाखाली. दीड खोलीत दुसरीकडं जागा नाही. दिवाळीपासून ती आडवी झाली नव्हती. पाठीला दोन उशा लावून भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा. छातीतून बारीक शिट्टी वाजायची. दम्याचा पंप मारला की तासभर शिट्टी थांबायची.

ट्रॉम्बेला दिलेली लेक अक्षता येऊन, आईचं बोलणं दोन शब्दांवर तुटतंय हे बघून गेली. जाताना दारात चपला घालत बापाला म्हणाली, "बाबा, महिन्याचा शेवटचा रविवार. तोवर हे छत सुकायला लागलं नाही तर मी आईला घेऊन जाते. आणि परत पाठवणार नाही."

"आणि मी?"

"तुम्ही बसा डागावर लक्ष ठेवून."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात गुणाजीनं स्वतःचा बनियन स्वतः शोधला नव्हता. त्यानं गपचूप सोसायटीच्या सेक्रेटरीकडून वॉटरप्रूफिंगवाल्यांचा नंबर घेतला.

आली ती बाई निघाली. नीलम नावाची, पस्तिशीची, जीन्सच्या खिशात टॉर्च आणि कानामागं पेन्सिल. सोबत धोंडू गवंडी. साठीचा, कणकवलीकडचा, खांद्याला सिमेंटच्या गोणीची शिवलेली पिशवी. नीलमनं एक छोटं यंत्र काढलं, त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवल्या. यंत्र टीं टीं करायला लागलं.

"ओल आहे काका. भरपूर."

"थांबा," गुणाजीनं तळहात पुढं केला. "हय लावा."

"हाताला?"

"लावा तर."

तिनं लावलं. टीं टीं टीं.

"बघलंस गो?" गुणाजी रुक्मिणीकडं वळला. "माझो हात पण गळतासा. आता ह्येका पण प्लास्टर करतली ही."

"काका, माणसात पाणी असतंच," नीलम हसली. "भिंतीत नसतं. असो. गळती कुठून येतेय ते कळल्याशिवाय मी छिन्नी लावत नाही. आधी टेस्ट."

टेस्ट अशी होती: वरच्या बाथरूमच्या मोरीचं तोंड गच्च बुजवायचं, फरशीवर चार इंच पाणी भरायचं, त्यात निळा रंग घालायचा, पाण्याची पातळी भिंतीवर खडूनं आखायची आणि दोन दिवस कुणी हात लावायचा नाही. खाली निळं दिसलं तर दोषी वरचं बाथरूम. नाही दिसलं तर बाथरूम सुटलं.

गुणाजी खाटेच्या कडेवर बसला. "म्हणजे गळत्या घराच्या डोक्यावर तळां बांधणार तुमी?"

"दोनच दिवस."

"आणि गळला तर?"

"गळावं म्हणूनच तर करतोय ना, काका!"

त्या एका वाक्यानं घात केला. गोदामावर त्यानं अशी माणसं बघितली होती. स्वतः काडी लावायची आणि स्वतःच बंब घेऊन धावत यायचं. त्याच्या डोक्यात सगळं चित्र स्वच्छ उभं राहिलं: आता वर पाणी सोडणार, बरं असलेलं छतही भिजवणार, आणि मग म्हणणार सगळंच तोडावं लागेल.

जयंतीबाई मात्र ताठ. "करा टेस्ट. तलाव करा, होड्या सोडा. दूध का दूध होऊन जाऊ दे." बाथरूम दोन दिवस बंद म्हणून त्या बोरिवलीला भावाकडे निघाल्या आणि जाताना घराची किल्ली रुक्मिणीच्या हातात देऊन गेल्या. भांडण नवऱ्याशी होतं, किल्ली बायकोकडं. चार वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

धोंडूनं सकाळी मोरी बुजवली, पाणी भरलं, रंग ढवळला, खडूची रेघ मारली. उतरत होता तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची टाकून गुणाजी बसलेला.

"पिशवी उघड."

"कित्याक?"

"रिकाम्या घरातसून इलंस ना? उघड."

धोंडूनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग पिशवी पायरीवर ठेवली आणि दोन्ही हात वर केले. न सांगता. गुणाजीनं एकेक वस्तू बाहेर काढली: थापी, ओळंबा, दोन छिन्न्या, हातोडा, चुन्याची डबी, ॲल्युमिनियमचा डबा. डबाही उघडला. दोन भाकऱ्या आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. वास जिनाभर पसरला. वरून शाळेत निघालेल्या दोन मुली नाक धरून बाजूनं गेल्या.

"झाला?" धोंडूनं विचारलं. हात अजून वरच होते. काखेत सदरा उसवलेला होता.

"झाला."

"गिरणीत होतंस मां तू?"

"तुका कसा कळला?"

"माझो बापूस होतो. तो पण असोच हात घालायचो, आमच्या दप्तरात." डबा बंद करून धोंडू उतरून गेला.

घरात रुक्मिणी भिंतीकडं तोंड करून बसली होती. "गावचो माणूस तो," ती म्हणाली. श्वास घेतला. "जेवणात हात घातलात त्याच्या."

गुणाजी वर बघत राहिला. त्याला वाटलं, डाग हलतोय. खरं तर डाग होता तसाच होता. पण ज्याच्या डोक्यावर चार इंच पाणी उभं आहे त्याला काय वाटेल सांगता येत नाही. तासाभरानं त्याला दिसलं की छताला पोट सुटलंय. दीड तासानं सगळी इमारत बोरिवलीच्या बाजूला कलल्यासारखी वाटली. आणि तेवढ्यात रुक्मिणीला खोकल्याची उबळ आली. अशी की पंप हातातून सुटून खाटेखाली गेला. त्यानं गुडघे टेकून पंप काढून दिला आणि उठता उठता खिळ्यावरची किल्ली घेतली.

"खंय चाललास?"

"सिगरेट पिवक."

त्यानं सिगरेट सोडून अठरा वर्षं झाली होती. रुक्मिणी खोकण्यात होती.

जयंतीबाईंच्या घरात पहिल्यांदाच पाय ठेवत होता तो. सगळं नीटनेटकं, सोफ्यावर धुतलेली चादर, टीव्हीवर झाकण. बाथरूमच्या उंबऱ्याशी निळं पाणी निश्चल उभं होतं. त्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसलं, निळं, मेलेल्या माणसासारखं. लेंगा गुडघ्यावर ओढून तो आत उतरला, बाही वर केली आणि मोरीतला बोळा चाचपून उपटला. पाणी गुडगुड करत गेलं. एवढं निमूटपणे गेलं की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला.

पण वॉचमन तो वॉचमन. खडूची रेघ त्याच्या लक्षात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी, नीलम यायच्या तासभर आधी तो पुन्हा वर गेला. बोळा घट्ट बसवला, नळ सोडला, पाणी रेघेला टेकवलं. रंग? रुक्मिणीच्या कपड्यांच्या निळीची बाटली खिशात होतीच. अर्धी ओतली, झाडूच्या दांड्यानं ढवळली. रंग अगदी हुबेहूब. खाली येऊन हात घासून धुतले. नखांत राहिलं ते राहिलं.

नीलम आली. वर जाऊन रेघ बघितली, खाली येऊन शिडीवर चढली, टॉर्चनं कोपरान् कोपरा तपासला, पांढरा कागद छताला दाबून बघितला. कागद ओला झाला. निळा झाला नाही.

"कमाल आहे," ती म्हणाली. "पातळी जागच्या जागी, खाली रंगाचा ठिपका नाही. वरचं बाथरूम सुटलं, काका."

"सुटला म्हणजे?"

"म्हणजे गळती तुमची. भिंतीतून पोटमाळ्यावरच्या टाकीला जो पाइप गेलाय ना, तो फुटला असणार. उद्यापासून ही भिंत तोडू."

गुणाजीच्या डोक्यात उजेड पडायला क्षणभर लागला. चार वर्षं ज्या बाईला तो चोर म्हणत होता तिला त्यानं स्वतःच्या हातानं, लेंगा वर खोचून, निर्दोष सोडलं होतं.

जयंतीबाई संध्याकाळी बोरिवलीहून परतल्या, बातमी त्यांना फाटकावरच लागली असावी. बॅग न ठेवताच दारात उभ्या राहिल्या. मागं जिन्यात शेजारच्या दोघी-तिघी.

"काय गुणाजीराव? झालं दूध का दूध?"

"हां."

"चार वर्षं माझं नाव सोसायटीभर खराब केलंत. मीटिंगमध्ये बोललात. आता तेवढ्याच मोठ्यानं बोला."

त्यानं रुक्मिणीकडं बघितलं. ती मान खाली घालून बसली होती. गुणाजी उठला, दारात आला, आणि जी गोष्ट खरी आहे असं त्याला मनातून ठाऊक होतं तिच्याबद्दल हात जोडले. "चुकला माझा, बाई."

"ऐकलं ना सगळ्यांनी?" जयंतीबाई वर गेल्या. थोड्या वेळानं वरून बालदी सरकवल्याचा आणि फरशीवर पाणी ओतल्याचा आवाज आला. एक. दोन. तीन.

दुसऱ्या दिवशी धोंडूनं छिन्नी लावली. आज पिशवी त्यानं आत आल्या आल्या स्वतःच उघडून दारात ठेवली, डब्याचं झाकण काढून. गुणाजीला ती ओलांडून जावं लागलं. तीन दिवस काम चाललं. पहिल्या दिवशी भांड्यांची फळी उतरली, दुसऱ्या दिवशी भिंतीत गुडघ्यापासून छतापर्यंत चर पडला. धूळ एवढी की आमटीतून, अंथरुणातून, बोलण्यातून रेती लागायची. रुक्मिणी तोंडाला ओला पंचा बांधून जिन्याच्या पायरीवर बसायची. येणारे जाणारे म्हणायचे, "काकी, इथं का?" ती हातानं सांगायची, आत काम चाललंय.

गुणाजीनं सांगायचं ठरवलं होतं. रोज सकाळी ठरवायचा. पण सांगायचं म्हणजे काय? की मी परक्या बाईच्या बंद घरात घुसलो? ज्यानं सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कंबरा चाचपल्या त्यानं? मग तो पाट्या भरून राडारोडा खाली नेऊन टाकायचा. एकाहत्तराव्या वर्षी दोन मजले, दिवसाला चाळीस खेपा. कुणी सांगितलं नव्हतं. गुडघे करकरायचे, आणि त्याला ते करकरणं बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाइप पूर्ण उघडा पडला. धोंडूनं त्यावरून तळवा फिरवला, मग गाल लावला. "सुको आसा," तो म्हणाला. "हाडासारखो सुको."

नीलम भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "असं होऊच शकत नाही. मग उद्या स्वयंपाकघराची भिंत. तिकडची लाइन बघायला लागेल."

तेवढ्यात जिन्यातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. रुक्मिणीचा पंप पायऱ्यांवरून खाली गेला होता. ती कठड्याला धरून ओणवी झालेली, ओठ जांभळे, डोळे मोठे. धोंडू धावत जाऊन पंप घेऊन आला, गुणाजीनं तिचं डोकं धरलं. एक दाब, दुसरा दाब. बऱ्याच वेळानं तिला शब्द सापडले.

"अक्षताक फोन लावा. रविवार नको." श्वास. "आजच."

"गो, थांब जरा."

"आणि कोणती भिंत ऱ्हवली? ती पण तोडा." श्वास. "मी जातंय."

गुणाजी पायरीवर तिच्या शेजारी बसला. समोर नीलम, धोंडू. आवाज ऐकून वरून अर्ध्या जिन्यात आलेल्या जयंतीबाई. त्याच्या लग्नातही माणसं त्याच्याकडं इतकं रोखून बघत नव्हती.

"कुठलीच भिंत तोडू नका," तो म्हणाला. "पाणी मी सोडलंय."

"कुठलं पाणी?" नीलमनं विचारलं.

"टेस्टचा. भरल्या दिवशीच बोळो काढलंय. तिसऱ्या दिवशी परत भरून ठेवलंय."

"आणि रंग?"

त्यानं हात पुढं केले. नखांच्या कडा अजून निळ्या होत्या. "कपड्यांची नीळ."

धोंडूला हसू येत होतं, पण तीन दिवस भिंत फोडलेला माणूस, त्यानं हसावं की रडावं! नीलमनं कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडं बघितलं आणि परत ठेवली. "काका, मी पंधरा वर्षं हे काम करतेय. टेस्टच्या पाण्यात पोरं खेळलेली बघितलीत, मांजर पडलेलं बघितलंय. हे नव्हतं बघितलं."

जयंतीबाई तीन पायऱ्या खाली उतरल्या. "तुम्ही माझ्या घरात शिरलात? मी नसताना?"

"बाथरुमात फक्त."

"कशावरून फक्त?"

आयुष्यभर जो प्रश्न गुणाजीनं लोकांना विचारला तो पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर आला.

"आणि आता म्हणतात पाणी सोडलं," जयंतीबाई नीलमकडं वळल्या. "कशावरून खरं? माझ्यावर ढकलायला उद्या स्वतःच्या छताला नीळ फासतील. बाटली आहेच घरात."

"बरोबर," नीलम म्हणाली. "परत टेस्ट करू. रंग माझ्या मनाचा, कुणाला सांगणार नाही. काकी खाली बसून छत बघतील. आणि काका," तिनं गुणाजीकडं बघितलं, "तुम्ही दोन दिवस बाथरूमपुरतं सोडून खालच्या घरात पाय ठेवायचा नाही."

"मग जाऊ खंय?"

"माझ्या समोर बसा," जयंतीबाई म्हणाल्या. "मी कुठंही जाणार नाही ह्या वेळी."

"रातीचा?"

"माझ्याकडं," धोंडू म्हणाला. "चेकनाक्यार झोपडी आसा. झडती घेवन आत घेतंय."

रुक्मिणीनं अक्षताला फोन केला खरा, पण आज नको म्हणून सांगितलं. रविवारीच ये. तिला हे बघायचं होतं.

असे दोन दिवस गेले. गुणाजी जयंतीबाईंच्या दिवाणखान्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर. सोफ्यावर बसायला त्यांनी सांगितलं नाही. समोर त्या, मांडीवर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्राच्या वर दोन डोळे. बाथरूमचं दार चिकटपट्टीनं बंद केलेलं. तो पाणी प्यायला उठला तरी त्या उठायच्या. स्वतःला जायची वेळ आली की दोघांनाही खालचंच बाथरूम. तेव्हा जयंतीबाई आधी त्याला जिन्यात उभं करायच्या, दार ओढून घ्यायच्या, खाली जाऊन यायच्या. तो जायचा तेव्हा त्या बाथरूमच्या दारापर्यंत मागं.

"साखर किती?" पहिल्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं.

"दोन."

त्यांनी दीड घातली. तो प्यायला. चहात काही घातलंय का हा विचार त्याच्या मनात आला. पण तोंडापर्यंत आणण्याची सोय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास खालून रुक्मिणीची हाक आली. मोठी नव्हती, तिच्यात तेवढा दम नव्हता. जयंतीबाई आधी उतरल्या, मागून गुणाजी, उंबऱ्याबाहेर थांबला. डागाच्या मध्यातून एक तांबडा थेंब लोंबत होता. पांघरुणावर खाली दोन पडलेले. कोपऱ्यातून बारीक तांबडा ओघळ भिंतीवर उतरत होता.

जयंतीबाई बघत राहिल्या. बोट लावून बघितलं. मग वळून न बघता म्हणाल्या, "मी तीन बालद्या नाही टाकत रोज. दोनच टाकते."

गुणाजीनं तोंड उघडलं. रुक्मिणीनं नुसती मान हलवली आणि त्यानं मिटलं.

नीलमनं बाथरूमचं पाणी सोडून दिलं, नळ बंद केला, फरशी तोडायला त्याच दिवशी काढली. पंधरा दिवस लागतील म्हणाली, आणि वरचं पाणी बंद झाल्यावर खालचं छत आठवड्यात सुकू लागेल. तोवर जयंतीबाई न्हायला खाली येणार होत्या. "काम करते मी," नीलम जाताना म्हणाली, "पण एका अटीवर." अट काय ते तिनं रुक्मिणीच्या कानाशी जाऊन सांगितलं.

रविवारी अक्षता टॅक्सी घेऊन आली. खाटेवर बॅग भरून तयार होती. गुणाजी सकाळपासून त्या बॅगेकडं बघत होता. छत सुकायला लागलंय, कडेची ओल एक वीत मागं हटलीय, हे त्यानं चार वेळा बोटानं दाखवलं होतं. अक्षता आईजवळ बसली. "चल आई, निघू."

"मी खंय?" रुक्मिणी म्हणाली. "बाबांका घेवन जा तुझ्या. बॅगेत तीन लेंगे आसत, बनियन खालच्या कप्प्यात."

"माका?"

"काम होयसर," रुक्मिणी म्हणाली. "इमारतीत तुमी नको. तीच त्या पोरगीची अट, नायतर काम टाकून जायत. आणि धोंडूक पिशवी बंद करून येवंदेत एक दिवस."

गुणाजीनं दारात उभ्या असलेल्या धोंडूकडं बघितलं. धोंडूनं बॅग उचलून खांद्याला लावली आणि टॅक्सीपर्यंत आणून दिली. उघडून बघितली नाही.

ट्रॉम्बेला नवव्या मजल्यावर अक्षताचं घर कोरडंठाक. गुणाजीनं पहिल्या दिवशीच सगळी छतं तपासली. काहीच सापडेना तेव्हा त्याला जास्तच कसंतरी वाटलं. पाचव्या दिवशी दुपारी त्यानं फोन लावला. बराच वेळ वाजला.

"खंय होतंस गो? इतकी घंटी वाजली!"

"निजलेलंय."

"बसान?"

"आडवी. जेवल्यार जरा पडलंय ती आताशी जाग इली."

तिचं सबंध वाक्य एका दमात आलं होतं. फोन त्यानं दुसऱ्या कानाला लावला, पहिल्यावर विश्वास नव्हता.

"आडवी म्हणजे सपशेल आडवी?"

"पाठीर. एक उशी."

"बाजूक कोण आसा?"

"कोण नाय हो. जयंतीताई न्हावक इल्ली, ती गेली."

"मग मी येव उद्या?"

पलीकडं पाट सरकवल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा.

"सुकांदेत अजून," ती म्हणाली.